पाण्याला उतार पुरतो, आपल्याला उतारा मागतात

"तुमची जमीन तिकडे माळावर, तुम्ही इकडे वस्तीत. तिथवर पाणी कोण नेणार?"

गायरान कसणाऱ्या माणसाने विहिरीची, पाइपलाइनची किंवा वीजजोडणीची गोष्ट काढली की हे वाक्य ठरलेले असते. कधी ते कार्यालयातले साहेब बोलतात, कधी गावचा पुढारी बोलतो आणि अलीकडे तर आपलीच माणसे बोलू लागली आहेत. वावर लांब आहे म्हणून पाणी नाही. पाणी नाही म्हणून बागायत नाही. बागायत नाही म्हणून दिवाळी आली की कोयता उचलायचा आणि बायका-पोरांसह टोळीबरोबर कारखान्याचा रस्ता धरायचा. बीड जिल्ह्यात हा क्रम कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

गेवराई तालुक्यात, चकलांबा परिसरात सामाजिक काम करताना हा युक्तिवाद मला अनेकदा ऐकावा लागतो. तो इतक्या सहजपणे केला जातो की ऐकणाराही मान डोलावतो. अंतर म्हणजे निसर्गाची गोष्ट, त्याला कोण काय करणार? पण मित्रांनो, "लांब" हा शब्द आपण एकदा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे. माझे म्हणणे सरळ आहे. घरापासून आणि गावापासून लांब असलेल्या बागेला पाणी कसे न्यायचे, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात सव्वाचारशे वर्षांहून आधी सुटलेला आहे. अंतर कधीच अडचण नव्हते. बाग कोणाची आहे, यावर पाणी किती लांब जाणार ते ठरत आले आहे.

खजाना विहीर काय सांगते?

बीड शहराच्या दक्षिणेला सुमारे ६ किलोमीटरवर खजाना विहीर आहे. शाळेच्या सहलीत ती पाहिलेले आपल्यात अनेक जण असतील. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८२ च्या सुमारास बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. बांधकामाची आखणी राजा भास्कर याने केली, असे सांगितले जाते. या विहिरीत भुयारांतून पाणी येते आणि वेगळ्या भुयारातून बाहेर पडते. बाहेर पडलेले पाणी जमिनीखालूनच लांबच्या शिवारात जाते. त्या पाण्यावर भिजणाऱ्या भागाला बलगुजार असे नाव पडले.

ना मोटार, ना डिझेल, ना वीजबिल. मोट ओढायला बैलसुद्धा नाही. मग पाणी चालते कसे? उतारावर. उंचावरच्या भागात भूगर्भातले झरे पकडायचे आणि बाग त्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल अशी जागा निवडायची. मधल्या सगळ्या अंतरात भुयाराला अगदी बेताचा उतार द्यायचा. उतार जास्त झाला तर पाणी जोरात धावते आणि तळ खरवडते. कमी झाला तर गाळ बसतो. वर जमिनीचे झाकण असल्यामुळे उन्हाळ्यात पाण्याची वाफ होऊन जात नाही. अशा भुयारी नहरींना ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडे ठेवतात. त्यांना आपल्याकडे उसासे म्हणतात. त्यातून हवा खेळते आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शकतो.

ही विद्या एकट्या बीडची नव्हती. इराणमध्ये अशा भुयारी नहरींना कनात म्हणतात आणि त्यांच्यावर तिथे वाळवंटात बागा उभ्या राहिल्या. मोरोक्कोपर्यंत ही पद्धत पोहोचली. आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपुरात मोगल काळात केलेली भुयारी नहर आजही पाहायला मिळते. अहमदनगरजवळचा फराहबाग १५८३ च्या सुमारास पूर्ण झाला. तो महाल शहराबाहेर होता, मौजेसाठी होता, आणि त्याच्याभोवतीच्या तळ्यासाठी खापरी नळांतून दूरवरून पाणी आणले होते. म्हणजे सुलतानाला वाटले की शहरापासून लांब बाग हवी, आणि पाणी तिथे गेले. "तिथवर कोण नेणार?" असे त्याला कोणी विचारले नाही.

याच परंपरेतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे मलिक अंबर. इथियोपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारातून बाजारात हस्तांतरित होत दख्खनला पोहोचलेला हा हबशी पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. शहर वसवायचे तर पाणी हवे, म्हणून त्याने १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी केली. डोंगराकडच्या भागात जमिनीत मुरलेले पाणी गोळा करून भुयारातून शहरात आणले. दरबारातल्या काही सरदारांनी या कल्पनेची टर उडवल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. पाणी आले आणि टर उडवणारे गप्प झाले. पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीसाठीही हर्सूलच्या बाजूने कित्येक किलोमीटरवरून मातीच्या नळांतून पाणी आणले. ते दाबाने उंच चढवून खाली पाडले आणि त्या जोरावर पिठाचे जाते फिरवले. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी त्यावर दळण होई.

हे सांगण्यामागे जुन्या राजवटींचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. मुद्दा एवढाच की ज्या मराठवाड्याला आज "निसर्गानेच कोरडा ठेवलेला" म्हणतात, त्या मराठवाड्यात मोजमापाची साधी साधने आणि माणसाचे हात एवढ्याच बळावर पाणी मैलोन् मैल नेले गेले. तेव्हा जे जमले ते पंप, पाइप आणि उपग्रहाचे नकाशे हाताशी असताना जमत नाही असे कोणी म्हणत असेल, तर तो अभियांत्रिकीबद्दल बोलत नाही.

बाग कोणाची, घाम कोणाचा?

आता दुसरी बाजू. खजाना विहिरीसोबत जहागीरदाराचे नाव राहिले, आखणी करणाऱ्याचे नाव राहिले. पण ते भुयार ज्यांनी खोदले, दगड ज्यांनी फोडले, गाळ काढायला जे अंधारात उतरले, त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला शिकवले जात नाही. महाराष्ट्रात दगडमातीचे काम पिढ्यान् पिढ्या वडार, बेलदार अशा जमातींनी केले. विहिरी खोदणाऱ्यांच्या नावावर विहिरी नाहीत, हा आपल्याकडचा जुना नियम आहे.

हीच गोष्ट मोटेची. भुयारी नहर दोन-चार ठिकाणीच होती. बाकी मराठवाड्यातल्या मळ्यांना कित्येक शतके पाणी दिले ते मोटेने. मोट कशी तयार होत होती? मेलेले जनावर ओढून न्यायचे महाराने. कातडे कमवायचे ढोराने. मोट शिवायची चांभाराने. मोटेचा नाडा आणि सोल वळायचा मांगाने. चार अस्पृश्य जातींच्या हातून गेलेली ती वस्तू पाटलाच्या विहिरीत थेट बुडत होती. भरून वर येत होती, थारोळ्यात रिकामी होत होती आणि पाटाने वाफ्यावाफ्यात पाणी जात होते. त्या पाण्याने विटाळ होत नव्हता. मात्र त्याच विहिरीत महाराने किंवा मांगाने घागर बुडवली की पाणी बाटत होते.

म्हणजे अस्पृश्यांचे श्रम पाण्यात उतरलेले चालत होते, त्यांचा हक्क चालत नव्हता. गावगाड्याचे गोडवे गाणारे आजही सांगतात की पूर्वी गावात सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते. त्यांनी एकदा मोटेकडे बघावे. बलुत्याच्या चार पेंढ्या हातावर टेकवल्या म्हणजे पाण्यात वाटा मिळतो असे नाही.

पुण्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी थेट पुणे शहरात आणले गेले. वाड्यांतले हौद आणि कारंजी त्यावर चालली. कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंतचे अंतर त्यांनी पार केले. पण त्याच पुण्यात अस्पृश्यांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे लागत होते, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या ग्रंथात नोंदवले आहे. कोसभर दूरचे पाणी हौदात आले, पण हौदापासून दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते पोहोचले नाही.

म्हणून १८६८ मध्ये महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. घर ते हौद हे अंतर पाच-दहा पावलांचे असेल, पण ते पार करायला पेशव्यांना जमले नव्हते. जोतिबा तिथेच थांबले नाहीत. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी शेतीच्या पाण्याचा विचार मांडला. ताली-बंधारे बांधून पाणी मुरवावे आणि तलाव दुरुस्त करावेत असे त्यांनी सांगितले. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते पाणाड्यांकडून तपासून घ्यावे आणि कालव्याचे पाणी शेतकऱ्याला तोटी लावून मोजून द्यावे, अशाही त्यांच्या सूचना होत्या. शेताशेताला तोटी! आज ज्याला आपण समन्यायी पाणीवाटप म्हणतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

महाडचे पाणी आणि मळ्याचे पाणी

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्याले. त्या दिवसाचे महत्त्व आपल्याला सांगावे लागत नाही. पण आपण महाडला बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्यापुरते वाचतो. बाबासाहेबांचा पाण्याचा विचार ओंजळीपाशी संपत नाही, तो पुढे शेताकडे जातो.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाबाबतचे विधेयक मांडले. वतनाची जमीन म्हणजे काय होते? तुकडा छोटा, त्यावर वाटेकरी अनेक आणि त्याच्या बदल्यात गावाची चोवीस तास चाकरी. ज्याला दिवस-रात्र गावकीच्या हाकेला ओ द्यायची आहे, तो आपल्या लांबच्या तुकड्याला पाणी द्यायला जाणार कधी? बागायतीला माणूस लागतो. दारे धरायला, पाट फोडायला, रात्रीची राखण करायला माणूस लागतो. वतनाने आपला माणूसच गावच्या दावणीला बांधला होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला बाबासाहेब आले, त्यामागे हाच प्रश्न होता.

१९४२ ते १९४६ या काळात व्हॉईसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे श्रम खाते होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे आणि ओरिसातील महानदी या योजनांना त्यांनी दिशा दिली. नदीचे खोरे हा एक घटक मानून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार व्हावा, ही त्यांची भूमिका होती. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच पुढे आला.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मजकूर १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात आहे. त्यात बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग व्हावा अशी मागणी केली. जमीन राज्याच्या मालकीची असावी, गावातल्या लोकांना ती जातपात न पाहता सामूहिक पद्धतीने कसायला मिळावी, असे ते सांगतात. आणि पुढे पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे पुरवण्याची जबाबदारी राज्यावर टाकतात. त्या यादीत पाणी आहे, हे लक्षात घ्या. नुसती जमीन दिली आणि पाणी दिले नाही तर जमीन देणे हे अर्धेच काम आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलेल्या प्रत्येकाला रोहिणी नदी आठवत असेल. शाक्य आणि कोलीय यांच्यात शेतीच्या पाण्यावरून भांडण झाले, युद्धाचा ठराव आला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्या विरोधाची किंमत म्हणून परिव्रज्या स्वीकारली, असे बाबासाहेब मांडतात. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडल्याची जुनी कथा त्यांनी बाजूला ठेवली. आपल्या धम्माच्या उगमापाशी शेताच्या पाण्याचा वाद उभा आहे. पाणीवाटप हा आपल्यासाठी निव्वळ सरकारी योजनेचा विषय असू शकत नाही.

१३२ किलोमीटर चालते, माळावर चढत नाही

आता आपल्या काळात येऊ. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. हा उजवा कालवा आपल्या गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावच्या धरणापर्यंत जातो. म्हणजे स्वतंत्र भारताच्या सरकारनेही दाखवून दिले की पाणी १३२ किलोमीटर नेता येते.

मग गायरानावर का येत नाही? याचे एक तांत्रिक उत्तर आहे आणि ते आपण प्रामाणिकपणे समजून घेतले पाहिजे. कालवा उतारावर चालतो. त्याच्या खालच्या बाजूची जमीन भिजते, वरच्या बाजूची भिजत नाही. गायरान म्हणजे गावाची चराईची पड जमीन. ती बहुधा शिवाच्या कडेला, उंचवट्यावर, मुरमाड माळावर असते. काळी, खोल, ओढ्याकाठची जमीन आधीच वाटली गेलेली. म्हणून कालवा आला तरी पाणी आपल्या बांधाच्या खालून निघून जाते.

पण हे उत्तर इथे संपत नाही. ती जमीन आपल्या वाट्याला का आली? १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९६४-६५ मध्ये तो देशभर पसरला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. मागणी होती की पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या. चांगली जमीन मागितली असती तरी मिळाली नसती, कारण ती कोणाच्या ना कोणाच्या नावावर होती. उरलेल्यातले उरलेले आपल्या माणसांनी नांगराखाली आणले. काटेरी झुडपे काढली, दगड वेचून बांध घातले, मुरमात ज्वारी-बाजरी पिकवली. आपल्या बीड जिल्ह्यात ॲड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून हा लढा गावोगाव नेला. गायरान कसणे म्हणजे मार खाणे, उभ्या पिकात जनावरे सोडली जाणे आणि बहिष्कार सोसणे, हे मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांनी अनुभवले आहे.

आणि पाणी वर चढत नाही म्हणावे तर सांगली-सातारा भागात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने दुष्काळी पठारावर चढवलेच आहे. गोदाकाठी आणि धरणाच्या फुगवट्याजवळ ऐपतदार शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने कित्येक किलोमीटर पाइप टाकून शेततळी भरली आहेत. जिथे पैसा आणि वजन आहे तिथे पाणी चढावरही चालते. आमच्या माळाखाली आल्यावरच त्याला गुरुत्वाकर्षण आठवते.

उतारा नावाची भिंत

सलाबतखानाच्या काळात पाणी न्यायला उतार लागत होता. आज उतारा लागतो, सातबारा उतारा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना बघा. २०१६-१७ पासून ती अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी आहे. नवीन विहीर, जुनी विहीर दुरुस्ती, पंपसंच, वीजजोडणी, शेततळ्याचे अस्तरीकरण, ठिबक अशा सगळ्या गोष्टींना अनुदान आहे. नवीन विहिरीसाठी सुरुवातीला अडीच लाख रुपये होते, २०२४ मध्ये ते चार लाख झाले. योजना चांगली आहे, तिचा लाभ घेतलेली कुटुंबे आहेत. पण अट काय? स्वतःच्या नावाचा सातबारा आणि ८-अ. नवीन विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन. ज्याने तीस-चाळीस वर्षे गायरान कसले पण ज्याच्या नावावर ते झाले नाही, तो या योजनेच्या दारातच अडतो. बाबासाहेबांच्या नावाची योजना, आणि बाबासाहेबांच्या लोकांतला सर्वांत खालचा माणूस तिच्याबाहेर.

नावावर का झाले नाही? २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंत मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरान अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद त्यात आहे. तारीखही बघा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात. पण निर्णय कागदावर आणि जमीन माळावर. कोणाकडे दंडाची पावती नाही, कोणाचा पंचनामा झाला नाही, कोणाचे प्रकरण तहसीलमध्ये पडून. त्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा निकाल दिला. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादाला जागा आहे, हे मात्र गावात कोणी सांगत नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात गायरानाचा प्रश्न आला तेव्हा गावोगाव पुन्हा नोटिसांची भीती पसरली. ज्या जमिनीवरून उद्या हाकलतील असे वाटते, तिथे विहीर कोण खोदेल?

कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीनाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. या आकड्यांकडे नीट पाहा. सरकारच्याच हिशेबात दोन एकर भिजलेली जमीन म्हणजे चार एकर कोरडी. म्हणजे गायरानाचे पाणी अडवले जाते तेव्हा आपली अर्धी जमीन काढून घेतली जाते. हा हिशेब माझा नाही, सरकारचा आहे.

कोणी म्हणेल, सातबारा मिळाला की प्रश्न मिटला. तसेही नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या कुळकजाई गावात २६ एप्रिल २००७ ला एका दलित शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीत विहीर खोदत असताना मारून टाकण्यात आले. २०१० मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. जमीन स्वतःची होती, पण जमिनीखालचे पाणी आपलेच आहे असे समजणारे दुसरेच होते. म्हणून उतारा ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीला बांधलेला राहील तोवर ज्याच्याकडे जमीन अधिक त्याचे पाणी अधिक आणि त्याचाच दरारा अधिक.

पाणी माणसाला, जमिनीला नाही

याला पर्याय आहे आणि तोही याच महाराष्ट्रात करून दाखवलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तिथले नियम आपल्या तरुणांनी पाठ करावेत असे आहेत. पाणी कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येत नाही. पाणी वाटणारा माणूस गटाने नेमायचा. योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभार्थ्यांनी उचलायचा.

यातला क्रांतिकारक मुद्दा ओळखा. पाण्याचा हक्क सातबाऱ्यावरून उठवून माणसाच्या जन्मावर ठेवला. बाबासाहेबांच्या 'एक व्यक्ती, एक मूल्य' या तत्त्वाचे हे पाण्यातले रूप आहे. साळुंखे आंबेडकरी चळवळीतले नव्हते आणि पाणी पंचायत सगळीकडे टिकली असेही नाही. पण तत्त्व कोणाकडून आले यापेक्षा ते आपल्या उपयोगाचे आहे का, हे आपण तपासायला हवे.

म्हणून गायरानधारकांच्या प्रत्येक वस्तीने सुटी-सुटी विहीर मागण्यापेक्षा सामूहिक उपसा योजना मागितली पाहिजे. माळावर दहा कुटुंबांच्या दहा कोरड्या विहिरी काही कामाच्या नाहीत. खाली ओढ्याकाठी किंवा तलावाजवळ एक विहीर, एक सौर पंप, एक पाइपलाइन, वर एक टाकी आणि तिथून उताराने प्रत्येकाच्या वावराला तोटी. जोतिबांनी मागितलेली तीच तोटी. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी आहे, रोजगार हमी आहे. पैसा नाही हे कारण चालणार नाही.

तरुण मित्रांनो, मिरवणुकीत नाचायला आपण हजारांनी जमतो. आता पुढची कामे हातात घ्या.

पहिले, आपल्या गावचा गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, तलाठ्याकडून माहितीच्या अधिकारात काढा. आपल्या किती माणसांची नोंद आहे, कोणत्या वर्षापासून आहे, ते लिहून घ्या. दंडाच्या जुन्या पावत्या पेटीच्या तळाशी असतील, त्या शोधा आणि त्यांच्या प्रती करून ठेवा.

दुसरे, पाण्याचा नकाशा करा. वस्तीपासून वावर किती लांब, जवळचे पाणी कुठे, त्या पाण्यापेक्षा वावर किती उंच. गवंडी लेव्हल बघायला वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी आणि एक टेप एवढ्यावर हे मोजता येते. "लांब आहे" असे कोणी म्हणाले की त्याच्यापुढे मीटरमध्ये आकडा ठेवा. आकडा समोर आला की सबब गळून पडते.

तिसरे, १९९१ च्या शासन निर्णयानुसार पात्र असलेल्यांची प्रकरणे गटाने दाखल करा, एकट्याने नको. नाव लावताना घरातल्या बाईचे नाव नवऱ्याबरोबर लावा. डोक्यावर हंडा घेऊन लांबच्या रोपांना पाणी घालते ती बाई आणि उताऱ्यावर नाव फक्त पुरुषाचे, हा तर मोटेचाच न्याय झाला.

चौथे, योजनेतली सातबाऱ्याची अट बदलण्याची मागणी करा. गाव नमुना १-ई मधली नोंद, कसत असल्याचा पंचनामा आणि ग्रामसभेचा ठराव एवढ्यावर सिंचनाचा लाभ मिळाला पाहिजे. ही मागणी आमदारांपासून सामाजिक न्याय खात्यापर्यंत लेखी गेली पाहिजे. तिची पोच आपल्या हातात हवी.

खजाना विहिरीवर पुढच्या वेळी जाल तेव्हा फोटो जरूर काढा. पण सोबत आलेल्या पोरांना एवढे सांगा की इथले पाणी जमिनीखालून मैल मैल चालत जहागिरीतल्या बागांना गेले, आणि ते नेणारे हात तुमच्या-आमच्यासारख्या कष्टकऱ्यांचेच होते. ज्या हातांनी दुसऱ्याच्या बागेला पाणी नेले, त्याच हातांनी आता आपल्या बागेला न्यायचे आहे.

जय भीम! जय जोती!